न वाचताच गाजलेली कादंबरी: 'प्लेअर पियानो'विषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

यंत्रे नोकऱ्या खाणार का, हा वाद रंगला की कर्ट व्हॉनेगटच्या 'प्लेअर पियानो'चे नाव हमखास निघते. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्स या प्रकाशनसंस्थेने काढलेली ही त्याची पहिली कादंबरी. नाव घेणारे पुष्कळ, वाचलेले थोडे. त्यामुळे तिच्याभोवती ऐकीव मतांचा थर साचला आहे. काही मते तिला उगाच डोक्यावर घेतात, काही उगाच मोडीत काढतात.

कथानक थोडक्यात असे. एका मोठ्या युद्धात माणसे आघाडीवर गेली आणि कारखाने माणसांवाचून चालायला शिकले. युद्ध संपले, पण माणसांना कारखान्यात परत बोलावण्याची गरज उरली नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या इलियम नावाच्या काल्पनिक शहराचे तीन भाग आहेत. एकात व्यवस्थापक आणि इंजिनिअर राहतात, दुसऱ्यात यंत्रे आहेत आणि नदीपलीकडच्या होमस्टेडमध्ये बाकी जवळजवळ सगळे लोक. कारखान्याचा व्यवस्थापक डॉ. पॉल प्रोटियस पस्तिशीतला, यशस्वी आणि आतून अस्वस्थ आहे. ही अस्वस्थता त्याला यंत्रविरोधी बंडापर्यंत कशी नेते, ही गोष्ट.

"या कादंबरीने कृत्रिम बुद्धिमत्तेचे भाकीत १९५२ मध्येच करून ठेवले होते."

हा समज सर्वांत लाडका आहे आणि वरवर पाहता पटण्याजोगाही. कादंबरीत एपिकॅक नावाचा महासंगणक आहे, तो देशात कोणती वस्तू किती बनवायची ते ठरवतो. माणसांची लायकी पंचकार्डावर नोंदलेली असते आणि यंत्र ती वाचून नोकरी देते किंवा नाकारते. आजच्या वाचकाला यात आपले दिवस दिसले तर नवल नाही. पण व्हॉनेगट भविष्य पाहत नव्हता, तो टेबलासमोरच्या खिडकीतून बाहेर पाहत होता. १९४७ पासून तो स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रसिद्धी विभागात नोकरीला होता. कंपनीच्या संशोधकांनी काय नवे केले ते वृत्तपत्रांना कळवायचे, हे त्याचे काम. त्याचा थोरला भाऊ बर्नार्ड त्याच कंपनीत शास्त्रज्ञ होता. कृत्रिम पावसासाठी ढगांत सिल्व्हर आयोडाइड फवारण्याची कल्पना त्याचीच. जेट इंजिनाचे रोटर कापणारे मिलिंग यंत्र कारागिराच्या हाताऐवजी आपोआप चालताना पाहिले, त्यातून कादंबरी सुचली, असे व्हॉनेगटने पुढे मुलाखतीत सांगितले.

कादंबरीतला सर्वांत गाजलेला प्रसंग तर थेट कारखान्याच्या फरशीवरून उचललेला आहे. रूडी हर्ट्झ हा लेथवरचा निष्णात कारागीर. तरुण पॉल आणि त्याचे सहकारी त्याच्या हातांच्या हालचाली टेपवर नोंदवून घेतात. एवढ्या कारागिरांतून आपली निवड झाली याचा रूडीला अभिमान वाटतो. नंतर ती टेप लेथच्या रांगाच्या रांगा चालवते आणि रूडी घरी बसतो. ही कल्पनेची भरारी नव्हती. कारागिराची हालचाल टेपवर नोंदवून यंत्राकडून तीच गिरवून घेण्याचे तंत्र चाळीसच्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये प्रत्यक्ष तयार झाले होते. यंत्रे शारीरिक श्रमांपाठोपाठ सरधोपट बौद्धिक कामही स्वस्त करतील, हा इशारा गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ आणि १९५० च्या पुस्तकांतून दिला होता, कादंबरीतले पात्र त्यांचे नाव घेऊनच ते बोलते.

भाकितापेक्षा मौजेची गोष्ट पुढे घडली. रूडीच्या टेपचे तंत्र मागे पडले. कादंबरी आली त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारे मिलिंग यंत्र दाखवले. या पद्धतीत कारागिराकडून काही नोंदवून घ्यावे लागत नाही. नकाशावरून आकडे काढून कार्यालयातच पट्टी तयार होते. आजच्या संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्रांचे मूळ तिथे आहे. म्हणजे ज्या प्रसंगासाठी कादंबरी लक्षात राहते, त्यातले तंत्रज्ञान हरले, आणि जिंकलेल्या तंत्रज्ञानाला रूडीची गरज सुरुवातीपासूनच नव्हती. कादंबरीला ज्याचे नाव आहे त्या प्लेअर पियानोच्या, म्हणजे छिद्रे पाडलेल्या कागदावरून आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या, गुंडाळ्यांचेही असेच दोन प्रकार होते. काही वादकाच्या प्रत्यक्ष वादनावरून घेतलेल्या, काही स्वरलिपीवरून थेट छिद्रे पाडून केलेल्या. व्हॉनेगटला पहिला प्रकार दिसला, उद्योगाने दुसरा उचलला.

तांत्रिक भाकीत म्हणून कादंबरी जुनाटच आहे. तिचा महासंगणक व्हॅक्यूम ट्यूबवर चालतो आणि कार्ल्सबॅडच्या गुहा व्यापतो; ट्रान्झिस्टर १९४७ मध्येच तयार झाला होता, पण कादंबरीला त्याचा सुगावा नाही. तरीही आजच्या भाषा-प्रणाली माणसांनी लिहिलेल्या मजकुरावरून शिकतात तेव्हा रूडी आठवतो, आणि तो बरोबरच आठवतो. ज्याचे कौशल्य उतरवून घेतले त्यालाच जागा उरत नाही, हे नाते कादंबरीने अचूक पकडले. फरक इतकाच की रूडीची टेप तेच तेच गिरवते. नवे काही जुळवत नाही.

"ही यंत्रविरोधी कादंबरी आहे."

बंडखोर यंत्रे फोडतात, म्हणून कादंबरीही यंत्रे फोडायच्या बाजूची, असा हा सोपा हिशेब. पण फोडाफोडी नीट वाचायला हवी. बंडाच्या रात्री इलियममध्ये लोक उपयोगी आणि निरुपयोगी असा काही भेद न करता दिसेल ते मोडतात. आणि दुसऱ्या दिवशी? रेल्वे स्थानकावर संत्र्याच्या पेयाचे मोडलेले यंत्र दुरुस्त करायला गर्दी जमते. भोवती सगळे वाकून पाहताहेत, कुणी सुटा भाग शोधून आणतो, कुणी जोडतो, आणि यंत्र चालू झाले की जल्लोष होतो. कित्येक वर्षांत ही माणसे इतकी आनंदी दिसलेली नसतात. यंत्राचा द्वेष करणारा लेखक हा प्रसंग लिहिणार नाही. लिहिला तरी पराभव म्हणून लिहील. व्हॉनेगटने तो पराभव आणि आनंद दोन्ही म्हणून लिहिला आहे.

बड कॅल्हून हे पात्र याच मुद्द्याचे विनोदी रूप. त्याला काहीतरी बनवल्याशिवाय चैन पडत नाही. तो एक यंत्र बनवतो, ते इतके चांगले असते की त्याचीच नोकरी जाते. तरी त्याचे हात थांबत नाहीत. दुसरीकडे एका सामान्य घरात परदेशी पाहुण्याला दाखवायला नेतात, तर कपडे धुण्याचे यंत्र बंद पडलेले आणि बाई टबात कपडे धूत असतात. यंत्र दुरुस्त व्हावे अशी त्यांना फारशी घाई नसते, कारण तेवढा वेळ तरी हाताला काम असते. कादंबरीची तक्रार यंत्राविषयी नाही. आपली कुणाला गरज उरली नाही, हे माणसाला कळते तेव्हा काय होते, याविषयी आहे.

हा समज आपल्याकडे चटकन रुजतो, त्याला कारण आहे. विमा कंपन्या आणि बँकांमध्ये संगणक येताना कर्मचारी संघटनांनी केलेला विरोध मराठी वाचकांच्या एका पिढीने पाहिला आहे, आणि गिरणगाव उजाड होतानाही पाहिला आहे. पण कादंबरीतली स्थिती वेगळी, हे विसरता कामा नये. गिरणी कामगाराचे काम गेले तेव्हा पगारही गेला. होमस्टेडच्या माणसाला घर आहे, टीव्ही आहे, विमा आहे. उपाशी कोणी नाही. एका भरल्या पोटाच्या समाजाच्या दुखण्यावर लिहिलेले पुस्तक उपाशी समाजाच्या लढ्याला जसेच्या तसे लावले, तर दोहोंवर अन्याय होतो.

"हक्सलीच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'ची ही नक्कल."

या आरोपाचा साक्षीदार खुद्द लेखकच आहे, म्हणून तो टिकून राहिला. आपण 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'चे कथानक बिनदिक्कत उचलले, आणि हक्सलीने ते रशियन लेखक झाम्यातिनच्या 'वी'वरून तसेच उचलले होते, असे व्हॉनेगटने १९७३ च्या मुलाखतीत हसत हसत सांगितले. व्हॉनेगटचे स्वतःविषयीचे विनोद शपथपत्रासारखे वाचणे ही त्याच्या वाचकांची जुनी खोड आहे. सांगाड्यात साम्य आहेच: व्यवस्थेतला असंतुष्ट माणूस, बाहेरून आलेला निरीक्षक, शेवटी फसलेले बंड. मात्र गाभा नेमका उलटा आहे. हक्सलीच्या जगात श्रम वाचवणारे शोध मुद्दाम दडपलेले असतात, कारण माणसांना रिकामा वेळ दिला तर ती बिथरतील, अशी राज्यकर्त्यांची खात्री आहे. व्हॉनेगटच्या जगात तोच रिकामा वेळ सर्वांना दिला गेला आहे आणि त्याचे काय करायचे हे कुणालाच ठाऊक नाही. हक्सलीने जो प्रयोग दोन-चार वाक्यांत निकालात काढला, त्यावर व्हॉनेगटने अख्खी कादंबरी उभी केली.

"हुकूमशहा नाही, छळ नाही, मग ही डिस्टोपिया कसली?"

ऑरवेलची '१९८४' अवघी तीन वर्षे आधी, १९४९ मध्ये आलेली. त्या मापाने पाहिले तर इलियम फारच सौम्य वाटते. तिथे पोलीस आहेत, कोठडी आहे, खोटे पकडणारे यंत्रही आहे, परंतु दहशत नाही. पॉलचा वरिष्ठ क्रोनर हा खलपुरुष नसून वडिलांसारखा खांद्यावर हात ठेवणारा साहेब आहे. हीच कादंबरीची सर्वांत मोठी ताकद. प्रत्येक जण आपले काम प्रामाणिकपणे करतो, कुणाच्या मनात वाईट नाही, आणि त्या सगळ्या चांगुलपणाची बेरीज असह्य होते. पहिल्याच प्रकरणात कारखान्यात उंदीर झालेत म्हणून पॉल एक मांजर आणतो. सफाईचे यंत्र ते मांजर गिळते आणि बाहेर टाकते. ते जिवाच्या आकांताने कुंपणावर चढते आणि विजेच्या तारेला चिकटून मरते. कुणीही त्याला मारलेले नाही. सगळी यंत्रे आपापले काम करत होती. यानंतर हुकूमशहा आणला असता तर कादंबरी उथळ झाली असती.

अधिकाऱ्यांच्या बेटावरच्या वार्षिक शिबिराची, म्हणजे 'मेडोज'ची प्रकरणेही याच कारणासाठी आहेत. संघ, रंगीत शर्ट, समूहगीते, मोठ्या साहेबांपुढे उत्साहाचे प्रदर्शन. जनरल इलेक्ट्रिकचे असेच शिबिर लेक ओंटारिओतल्या असोसिएशन बेटावर भरत असे. इथे मात्र हात आखडता घ्यायला हवा होता. थट्टा एका प्रकरणात पोचते आणि पुढे लांबतच जाते. आतल्या माहितीचा मोह नव्या लेखकाला आवरत नाही, तो असा.

"विज्ञानकथेचे पुस्तक, त्यामुळे गंभीर साहित्यात त्याची गणना नाही."

यात वेष्टनाचा दोष अधिक. १९५४ मध्ये बँटमने स्वस्त आवृत्ती काढली ती 'युटोपिया १४' असे नाव बदलून. वाचकाला अंतराळयुगाचे काहीतरी मिळणार, असा तिचा थाट. व्हॉनेगटला हा शिक्का पुढे अनेक वर्षे जाचला. यंत्रांविषयी लिहिले की लेखक विज्ञानकथाकार ठरतो आणि घराण्यांविषयी लिहिले की साहित्यिक, ही वर्गवारी समीक्षेने केलेली नव्हती, दुकानातल्या फळ्यांनी केलेली होती.

"अनिता आणि शहा ही पात्रे फसली, पण तो त्या काळाचा दोष, त्यावर बोलणे अन्याय."

गैरसमज विरोधकच बाळगतात असे नाही. चाहत्यांचा हा बचाव सहृदय आहे, पण टिकणारा नाही. पॉलची पत्नी अनिता ही नवऱ्याच्या बढतीसाठी झटणारी, भेटायला येणाऱ्या साहेबासमोर काय बोलायचे ते नवऱ्याला पढवणारी बाई. लेखक तिच्याकडे सतत थट्टेने पाहतो. वास्तविक तिच्या भीतीला ठोस आधार आहे. तिच्याकडे पदवी नाही. पॉलशी लग्न झाले नसते तर ती नदीपलीकडे असती, हे कादंबरीच सुचवते. या व्यवस्थेत सर्वांत कमी सुरक्षित माणूस तीच आहे. ती का धावते हे समजून घेतले असते, तर रूडीच्या तोडीचे पात्र हाती लागले असते. लेखकाने हाती आलेले पात्र हास्यचित्र करून सोडले. काळाचा दोष म्हणावा, तर त्याच काळात त्याच लेखकाने टबात कपडे धुणारी बाई दोन-तीन पानांत जिवंत केली होती. ते जमत नव्हते असे म्हणायला जागा नाही. अनिताच्या बाबतीत तेवढे कष्ट घेतले नाहीत.

ब्रातपुहरच्या शहाचे तसेच. हा पूर्वेकडचा धर्मगुरू अमेरिका पाहायला येतो आणि सामान्य नागरिकांना पाहून आपल्या भाषेतला गुलामांसाठीचा शब्द वापरतो. सोबतचा सरकारी अधिकारी पुनःपुन्हा सांगतो की हे गुलाम नव्हेत, नागरिक आहेत. पहिल्यांदा हा घाव खोल लागतो. पाचव्यांदा तोच विनोद ऐकताना लागत नाही. शिवाय शहा हा माणूस कमी आणि पौर्वात्य नाटकातली वेशभूषा अधिक. अमेरिकेला आरसा दाखवायला कोणीतरी बाहेरचा हवा होता, म्हणून आणलेला. शहाचा प्रवास आणि पॉलची गोष्ट अर्धीअधिक कादंबरी समांतर चालतात, एकमेकांना फारशा भिडत नाहीत. शहाने महासंगणकाला जुने कोडे घालावे आणि उत्तर न आल्यावर त्याला खोटा देव ठरवावे, हा प्रसंग तेवढा सुंदर आहे.

या दोन पात्रांच्या अपयशाला एकच कारण दिसते. जे व्हॉनेगटने कारखान्याच्या कार्यालयात बसून पाहिले ते त्याने खरे लिहिले: कारागिराचा अभिमान, साहेबांची लाडीगोडी, बढतीचे राजकारण, शोध लावण्याची खाज. जे कार्यालयाच्या बाहेर होते ते त्याने ऐकीव साच्यांतून उचलले. पॉलसुद्धा कार्यालयाबाहेर पडला की फिका होतो. बंडात तो सामील होत नाही, त्याला सामील करून घेतले जाते; जाहीरनामाही त्याच्या नावाने दुसरेच लिहितात. अनिर्णयी नायक हा मुद्दाम घेतलेला पवित्रा असेलही, पण शेवटच्या तृतीयांशात कथा ओढायला कुणी उरत नाही, हे वाचताना जाणवतेच.

"पहिलीवहिली, म्हणून कच्ची, व्हॉनेगट वाचायचा तर 'स्लॉटरहाउस-फाइव्ह'पासून."

या समजालाही आधार आहे, तो कबूल करावा. १९६९ च्या त्या कादंबरीतली छोटी वाक्ये, तुटक प्रकरणे, मध्येच डोकावणारा लेखक, यांतले इथे जवळपास काही नाही. ही सरळ, तिसऱ्या पुरुषात सांगितलेली, जुन्या घाटाची जाड कादंबरी आहे. परंतु शैली सापडलेली नसणे आणि सांगण्यासारखे नसणे या दोन निराळ्या गोष्टी. इलियम हे गाव इथे वसले आणि पुढे 'कॅट्स क्रेडल' व 'स्लॉटरहाउस-फाइव्ह'मध्येही आले. प्रयोगशाळेतले निष्पाप, बेजबाबदार शास्त्रज्ञ इथूनच निघाले. १९८१ मध्ये व्हॉनेगटने शाळेतल्या गुणपत्रिकेप्रमाणे आपल्या पुस्तकांना श्रेणी दिल्या, त्यात 'प्लेअर पियानो'ला 'बी' मिळाली. ती नापसंतीची खूण म्हणून दाखवली जाते. त्याच यादीत 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' आणि 'कॅट्स क्रेडल'ला 'ए प्लस' आहे हे खरे, पण नंतरच्या, नाव झाल्यावरच्या 'ब्रेकफास्ट ऑफ चॅम्पियन्स'ला 'सी' आणि 'स्लॅपस्टिक'ला 'डी' आहे. पहिल्या पुस्तकाला ही श्रेणी वाजवी दिसते.

वेळ थोडा असेल त्याने मेडोजची प्रकरणे भरभर उलटली तरी चालेल, शहाच्या दौऱ्यातलेही निम्मे सोडता येईल. मांजर, रूडीने दारूच्या गुत्त्यात पॉलच्या सन्मानार्थ नाणे टाकून वाजवलेला पियानो, बड कॅल्हूनची गेलेली नोकरी आणि रेल्वे स्थानकावरची दुरुस्ती मात्र सावकाश वाचावी.